नववी पायरी

३ फेब्रुवारी
मुक्काम: जकात नाक्याजवळची पत्र्याची शेड

ताई,

आत्याला फोन केला होता, सहजच, म्हणजे माझा जाड स्वेटर तिच्याकडे राहिलाय तो पाठव म्हणून सांगायला. स्वेटर राहिला बाजूला. ती म्हणाली, दोनबोट्याने तुझ्यावर दावा लावलाय. मी म्हटलं, आत्या, तू उलटं सांगतेयस. खटला त्याच्यावर चालला, चार वर्षं त्याला लागली, तो आत बसलाय. तर म्हणे, "अरे गाढवा, आत बसूनच लावलाय!"

मी मुकादमाला विचारलं, असं करता येतं का हो? तो रंगाच्या पिंपात काठी ढवळत होता. म्हणाला, "का नाही? आत वेळच वेळ असतो." आमच्या रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीतले सगळे हसले. मीपण हसलो. मग जेवताना हसू येईना.

म्हणजे तूच बघ. भर दुपारी तुझ्या बाइंडिंगच्या दुकानात घुसला तो. सुरी तुझ्या मानेला लावली त्याने. गल्ल्यासाठी कटिंग मशीनवरून हात घातला त्याने. पातं खाली आलं, उजव्या हाताची तीन बोटं गेली, तर भरपाई तू द्यायची? उद्या मी कुणाच्या खिशात हात घालावा आणि आतली टाचणी टोचली म्हणून त्यालाच कोर्टात उभं करावं! अशांना कोर्टाचं दारच उघडू नये. माझ्या हातात असतं तर मी त्या दारासमोर पिवळा पट्टा मारला असता, थांबू नये, वळू नये.

पट्ट्यावरून आठवलं. काल एक कुत्रं आमच्या ओल्या पट्ट्यावरून गेलं. शंभर मीटर पांढरे पंजे! मुकादम म्हणाला पुसा. मी म्हटलं असू द्या, कुत्र्यांनापण कळू दे रस्ता कुठून ओलांडायचा ते. माझा अर्धा दिवस कापला.

तू दिलेल्या कागदांवरच लिहितोय. मोठा ताव मधे दुमडून, घडीजवळ बोटभर जागा सोडून. तुझी शिलाई अडायला नको.

घाबरू नकोस. घाबरलीस तर कळव.

भटक्या


११ फेब्रुवारी

भटक्या,

स्वेटर आत्याने पाठवलाय. त्याला दोनबोट्या म्हणत जाऊ नकोस. बोटं मी पाहिली आहेत, खालच्या कागदांवर पडलेली. तुला पाहावी लागली नाहीत म्हणून तुला गंमत वाटते.

आता नीट वाच, उड्या मारत वाचू नकोस. मी दुकान आणि गाव दोन्ही सोडलं ते कशासाठी, हे तुला ठाऊक आहे. निकालाच्या दिवशी त्याला बाहेर नेत होते तेव्हा तो माझ्याजवळ थांबला आणि अगदी हळू, एखाद्या गिऱ्हाइकासारखा म्हणाला, "बाई, तुमचं काम अर्धं राहिलंय." पोलिसांनी ऐकलं नाही. मी ऐकलं. माझा नवा पत्ता फक्त तू, आत्या आणि वकीलबाई यांनाच माहीत आहे. पत्रं आत्याच्याच पत्त्यावर टाकत जा, ती पुढे पाठवते. पत्रात गावाचं नाव नको, रस्त्याचं नाव नको.

दाव्याचं म्हणशील तर वकीलबाई म्हणाल्या, शिक्षा झाली म्हणून माणसाचा कोर्टात जायचा हक्क संपत नाही. तुला राग येईल, पण मला ते पटतं. उद्या आत कुणी त्याचा हात मोडला, तर त्याने कुठे जायचं? दार बंद करायचं तर ते कुणा एकासाठी होत नाही. आणि माझ्या बाबतीतही त्याला विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं. का वाटतं ते कधीतरी सांगेन.

पण त्याने वकील घेतलेला नाही, स्वतःच लढतोय. त्याचे पंचवीस प्रश्न आलेत, डाव्या हाताने लिहिलेले, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. पहिले एकवीस मशीनबद्दल आहेत. पात्याला आडोसा होता का, दांडा किती जड, धार कधी लावली. हे ठीक. बाविसाव्यापासून मात्र असं आहे: सध्या काम कुठे करता? जागेला दारं किती? सोबत कोण राहतं? गिऱ्हाईक नसतं ती वेळ कोणती?

सांग बरं, याचा बोटांशी काय संबंध?

वकीलबाईंनी हरकत घेतली आहे. न्यायाधीश ठरवतील. तोवर मी खिडकीकडे पाठ करून बसत नाही, इतकंच.

ताई


२ मार्च
मुक्काम: तीच शेड

ताई,

पोचलो. तुझ्याकडचे तीन दिवस कसे गेले कळलंच नाही. पत्ता लिहीत नाही बघ! गावाचं नाव नाही, रस्त्याचं नाव नाही. मला वळण लागत नाही असं आता आत्याने म्हणून दाखवावं.

आधी महत्त्वाचं. तुझा चेहरा उतरलाय. त्या बाविसाव्या प्रश्नाचा कागद उशीखाली ठेवून झोपतेस ते मी पाहिलंय. माझं ऐकशील तर कोर्टात जाऊन सरळ सांग, साहेब, हा माणूस भरपाई मागत नाहीये, माझ्या घराचा नकाशा मागतोय. 

बाकी जागा मला आवडली हं. कागदाच्या गिरणीचा तो ओल्या लगद्याचा वास पहिल्या दिवशी डोक्यात गेला, दुसऱ्या दिवशी आवडायला लागला, आता माझ्या शर्टाला येतोय तर धुवावासा वाटत नाही. आणि खिडकीसमोरची ती निळी पाण्याची टाकी! एवढी मोठी टाकी कोणी निळी का रंगवेल? आभाळात दिसू नये म्हणून? आमच्या टोळीला दिली असती तर मी तिच्यावर पांढरे पट्टे मारले असते, ढांगेएवढे रुंद. खालच्या दुकानातला चावीवाला, ज्याच्याकडे तू किल्ली ठेवतेस तो, पण भला आहे. मी नुसतं "ताईंचा भाऊ" म्हटलं तर त्याने किल्ली काढून हातात ठेवली. कुणालाही देत असेल का गं? त्याला जरा दटाव.

आणि तुझा तो मागचा लोखंडी जिना! एकेचाळीस पायऱ्या मोजल्या मी, आणि त्यात ती डुगडुगणारी नववी. तीन दिवसांत मी सतरा वेळा तिच्यावर पाय दिला आणि सतरा वेळा ती खडाड वाजली. तू मात्र हातात कागदांची रिमं घेऊन, खाली न बघता, आठवीवरून दहावीवर. जशी ती पायरी नाहीच. मी म्हटलं बोल्ट लावून देतो, तर तू म्हणालीस, राहू दे, ती माझी घंटा आहे, अनोळखी माणूस आला की वाजते. तेव्हा मला हसू आलं होतं. इथे येऊन विचार केला, बरोबर आहे तुझं. कुत्र्यापेक्षा बरी. खायला मागत नाही.

तर घाबरायचं नाही. नववी वाजली नाही तर तू आलीस, वाजली तर दार लावून घ्यायचं. सोपं आहे.

मुकादम हाक मारतोय. दोरी ताणायला माणूस हवा.

भटक्या


२० मार्च

भटक्या,

बातमी चांगली आहे. न्यायाधीशांनी बाविसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतचे चारही प्रश्न खोडले. म्हणाले, या माहितीचा इजेशी संबंध नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

पण त्यांनी दुसरा एक हुकूम दिला. त्या दुपारबद्दल आणि दाव्याबद्दल माझ्याकडे जो काही पत्रव्यवहार असेल, तो जमा करायचा, आणि दावा लावणाऱ्याला, म्हणजे त्याला, पाहू द्यायचा. दोन्ही बाजूंना सारखाच नियम. त्याने त्याची जेलमधली डॉक्टरची कागदपत्रं दिली, मी माझी द्यायची.

तुला माहीतच आहे, आपल्या घरात सुटा कागद ठेवायची पद्धत नाही. बाबा म्हणायचे, सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद. तुझी पत्रं, माझ्या पत्रांच्या नकला, वकीलबाईंच्या चिठ्ठ्या, सगळं मी दुमडून एकात एक घालून शिवलंय. वकीलबाई म्हणाल्या, दाव्याचा उल्लेख आहे तेवढी पानं काढून द्या. मी म्हटलं, शिवलेल्या पुस्तकातून एक पान काढलं की घडीच्या पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. ते काढलं की दोरा सैल पडतो, मग सगळंच खिळखिळं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोर्टात नाही, शिलाईच्या टेबलावर बसलेय.

म्हणून मी पूर्ण पुस्तक दिलं. देण्याआधी एकेक ओळ तपासली. माझा पत्ता कुठेच नाही. आत्याचा होता तिथे पातळ कागदाची पट्टी चिकटवली. एकही पान काढलं नाही. मला त्याच्यापासून काही लपवल्यासारखं व्हायला नको होतं, यालाही कारण आहे, ते भेटीतच.

काल त्याला जेलच्या ऑफिसात ते पुस्तक वाचायला दिलं. कारकून समोर बसला होता. वकीलबाई सांगत होत्या, तीन तास वाचत होता. डाव्या हाताने पानं उलटायचा, अगदी जपून. मधे एकदा त्याने कारकुनाकडे पाणी मागितलं. कारकून उठून गेला आणि आला.

ताई


८ एप्रिल
मुक्काम: तीच शेड, बहुतेक शेवटचा आठवडा

ताई,

म्हणजे त्याने माझी पत्रं वाचली?! कुत्र्याचे पंजे, आत्याचा गाढव, सगळं? मला आधी इतकी लाज वाटली की कान तापले. त्याला मी काय काय नावं ठेवली होती! 

आता दुसरं सांगतो, ओरडू नकोस. त्याचं मला पत्र आलं. मी कागदावर वरती मुक्काम लिहितो ना, त्यावरून. चार ओळी आहेत. उतरवून देतो:

"तुमची पत्रं वाचायला मिळाली. शाळा फार झालेली दिसत नाही, पण लिहिता छान. ज्या जागी जाता ती माणसाच्या डोळ्यासमोर उभी करता. मला इथे भिंतच दिसते, त्यामुळे फार उपयोग झाला. नावं ठेवलीत त्याचा राग नाही."

बघ! मला आजवर माझ्या लिहिण्याबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. शाळेतल्या बाई तर वहीवर लाल रेघ मारून मारून थकल्या. मी ते पत्र मुकादमाला दाखवलं. तो वाचून म्हणाला, "उपयोग कसला झाला?" मी म्हटलं, अहो मन रमलं असेल. मुकादमाने पत्र परत दिलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलला नाही. लोक दुसऱ्याचं कौतुक झालं की असेच वागतात.

आणि आता खरी बातमी, तुला कळलीच असेल, आत्याने फोनवर ओरडूनच सांगितली. त्याने दावा मागे घेतला! काही न मागता! मी म्हणत होतो ना, एवढा वाईट नसेल. कदाचित तुझं सगळं खरं खरं वाचून त्याला लाज वाटली असेल. तू पानं काढली नाहीस ते बरंच केलंस.

अजून एक. ऐकून उडशील. आमचं पुढचं काम कुठे आहे सांगू? नाही सांगत, लिहायचं नाही ना! पण तुझ्या खिडकीतून मी पट्टा मारताना दिसेन एवढंच सांगतो. ३ मेला दुपारी सरळ वर येतो. त्याआधी मधे एक पुलाचं काम आहे, तिथे पत्ता नाही, म्हणून आता उत्तर पाठवलंस तर इथेच पाठव, मागून येईल.

चावीवाल्याला सांगून ठेव.

भटक्या


२६ एप्रिल

भटक्या,

येऊ नकोस.

हे पत्र आत्यामार्फत नाही, सरळ तुझ्या शेडवर पाठवतेय. मिळाल्या क्षणी मुकादमाला सांग की त्या कामाला तू येणार नाहीस. पाय मोडला म्हण, काहीही म्हण.

काल कोर्टातून पुस्तक परत आलं. दावा संपला, म्हणून. मी ते उघडलं आणि मधलं एक पान हातात आलं. सुटं. वकीलबाईंना ते दिसलं नसतं, कुणालाच दिसलं नसतं. मला दिसलं, कारण पान आपोआप सुटत नाही. त्याचं जोडपान कुणीतरी काढलेलं असतं. घडीजवळ पाहिलं तर बारीक कड उरलेली, नखाने मारून मारून नीट फाडलेलं. तुझं २ मार्चचं पत्र. उरलेल्या पानावर तुझा 'कुत्र्यापेक्षा बरी'चा विनोद संपतो आणि मुकादम हाक मारतो. गेलेल्या पानावर गिरणी आहे, टाकी आहे, चावीवाला आहे, जिना आहे.

मी पत्ता शोधत होते. पत्ता नव्हताच. तू गाव काढून दिलं होतंस. कागदाच्या गिरण्या असलेली गावं किती? निळी टाकी कितींपुढे? हे मला सुचायला हवं होतं. तुला दोष देत नाही. मी ते पान चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा हसले होते.

त्याने दावा का सोडला, ते आता तुला कळलं असेल. त्याला हवं ते मिळालं. न्यायाधीशांनी खोडलेल्या प्रश्नांतून त्याला जे काढायचं होतं, ते त्या एका पानात होतं.

वकीलबाईंनी आज सांगितलं, चांगल्या वागणुकीची सूट मिळून तो गेल्या शुक्रवारी सुटला. पोलिसांत गेले होते. तिथले हवालदार म्हणाले, "बाई, एक पान फाटलं म्हणून आम्ही माणूस पकडायचा का?"

भेटीत सांगेन म्हटलं होतं, ते आता इथेच सांगते. त्या दुपारी सुरी त्याच्या हातातून आधीच पडली होती. मशीनवरच्या रिमाला धडकून पडली. तो वाकला, हात पात्याखाली टेकवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "थांबा." मी थांबले नाही. दांडा ओढला. एका क्षणाचा फरक आहे, पण आहे. तो मी कोर्टाला सांगितला नाही, तुलाही नाही. म्हणून मला वाटत होतं, त्याने विचारावं आणि मी खरं सांगावं. शेवटच्या तारखेला मी सांगणारही होते. त्याचा हक्क खरा होता, भटक्या. त्याला फक्त उत्तर दुसरंच हवं होतं.

मी आज निघतेय. दाभण, दोरा आणि बाबांची कात्री घेतली आहे, बाकी सगळं जिथल्या तिथे. किल्ली चावीवाल्याकडे, नेहमीसारखी, म्हणजे त्याला संशय यायला नको. कुठे जातेय ते आत्यालाही सांगितलेलं नाही. मीच तुला शोधून काढेन.

त्या जिन्यावर पाय ठेवू नकोस.

ताई


३ मे
मुक्काम: तुझंच टेबल!

ताई,

तू नाहीस, म्हणून तुझ्याच कागदावर तुलाच पत्र लिहीत बसलोय. बाहेर ट्रक उभाय, टोळी जेवतेय. रंग तापेपर्यंत तासभर आहे. मुकादम खालीच गाडीत घोरतोय.

तुझं उत्तर काही आलं नाही. शेड सोडूनही आता चौदा दिवस झाले, टपाल मागून हिंडत असेल, आम्ही पुढे ते मागे. पुलाच्या कामावर तर पोस्टमन सोड, पाखरूही येत नव्हतं. तिथे एक म्हातारा रोज कठड्याला टेकून आमचं काम बघायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, सरळ मारता, पण सरळ कशाला मारता? रस्ता तर वाकडा आहे! अजून हसतोय मी.

चावीवाल्याने पुन्हा किल्ली दिली, काही न विचारता. म्हणाला, "ताई आठवडाभर दिसल्या नाहीत, किल्ली ठेवून गेल्यात." मी म्हटलं, गिरणीत कागद निवडायला गेली असेल, ती कागदात शिरली की तिला जेवणाचं भान नसतं. तर तो म्हणाला, "सकाळीपण एक जण त्यांना विचारत होता. वह्या बांधून घ्यायच्या होत्या म्हणे. वर नाहीत म्हटलं, तर म्हणाला, हरकत नाही, परत येतो." बघ, इथेही तुझा धंदा जमायला लागला.

खोली तू छान आवरून ठेवलीयस. मशीनवर चादर, टेबल पुसलेलं. तुझी दाभण मात्र सापडली नाही, पाठीला खाजवायला हवी होती. आणि एक पुस्तक टेबलावर आहे, आपल्या पत्रांचं, त्यातलं एक पान सुटून पडलंय. तू आणि सुटं पान! कामाच्या घाईत राहिलं असेल. ते मी पुस्तकात जपून ठेवलंय, तू आलीस की शिव.

मी येताना नववी पायरी विसरलोच! खडाड! खालचा कावळा उडाला. अठरावी वेळ. मनात म्हटलं, ताई असती तर आतून दार लावून घेतलं असतं तिने, माझ्याच तोंडावर.

खिडकीतून टाकी दिसतेय. आज तिचा निळा जास्तच निळा वाटतोय. तिच्या सावलीत कुणी उभा होता मघाशी, बराच वेळ, वर बघत. आता नाही. मला वाटतं त्यालाही तोच प्रश्न पडला असेल, एवढी मोठी टाकी निळी का रंगवली.

थांब, जिन्यावर कुणीतरी चढतंय. टोळीतला कुणी रंगाला बोलवायला आला असेल. मोजतो हं. पाच. सहा. हळू चढतोय, एकेक पाय टेकवून. सात. आठ.

अगं, नववी वाजली नाही! आठवीवरून सरळ दहावीवर.

आलीस तर. कुठे होतीस इतका वेळ? हे पत्र आता टाकायची गरजच नाही, हातातच देतो. दार आतून लावलंय, थांब, उघडतो.